घरच्या कर्त्या माणसाची चरित्रवही कशी करावी

श्रद्धांजलीच्या फलकावर आणि वर्षश्राद्धाच्या पत्रिकेवर जवळजवळ प्रत्येक कर्त्या पुरुषाबद्दल तेच चार शब्द असतात: कष्टाळू, प्रेमळ, कुटुंबवत्सल, धार्मिक. शब्द खोटे नसतात. पण पणजोबा पहाटे किती वाजता उठायचे, पहिल्या पगारातले किती घरी धाडले, बहात्तरच्या दुष्काळात बैल विकले की राखले, यातलं काहीही त्यातून पणतवंडाला कळत नाही. म्हणून चरित्रवहीबाबत माझा आग्रह एकच आहे. गुण लिहायला जाऊ नका, त्या माणसाचं काम लिहा. वेळ, रक्कम, अवजार, वाट आणि सोबती यांसकट लिहा. कष्ट आणि माया वाचणाऱ्याला त्यातच दिसतात.

पुढे अधूनमधून आमच्या तात्यांचं उदाहरण येईल. तात्या म्हणजे माझे आजोबा. माण तालुक्यातलं कोरडवाहू रान, मुंबईत गिरणीतली नोकरी, संपानंतर पुन्हा गाव आणि दरवर्षीची आषाढी वारी. तुमच्या घरी एसटीचे चालक असतील, जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी असतील, ऊसतोडीचे मुकादम किंवा नाखवा असतील. पद्धत तीच राहते, कागद तेवढे बदलतात.

आधी ट्रंक वाचवा

दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत घर आवरलं जातं. कपडे वाटले जातात, अंथरूण जातं, आणि त्याच झपाट्यात ट्रंकेतली ‘रद्दी’ बंबात जाते. घरातल्या एकाने पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवावं की वर्षभर कागदाचा चिटोराही बाहेर जाणार नाही. माणूस हयात असेल तर फारच उत्तम. मग ट्रंक त्यांच्यासमोरच उघडा. एकेक कागद हातात दिला की बोलणं आपसूक सुरू होतं.

कागद काढण्याआधी ट्रंक जशी आहे तसे फोटो घ्या. गठ्ठे लगेच सोडू नका, कारण कोणता कागद कशासोबत बांधला होता यातही माहिती असते. तात्यांच्या ट्रंकेत मनीऑर्डरच्या पावत्यांचा एक गठ्ठा सुतळीने बांधलेला होता आणि त्याच सुतळीत थोरल्या आत्याच्या लग्नाची याद होती. पावत्या तारखेप्रमाणे लावल्यावर दिसलं की दर महिन्याला चाळीस-पन्नास रुपये जात होते, लग्नाच्या आधी कित्येक महिने ती रक्कम वाढली आणि लग्नानंतर एकदम वीसवर आली. म्हणजे मुंबईत उसनवारी झाली होती आणि ती फिटेपर्यंत घरी कमी जात होतं. हे आजवर घरात कोणी बोललं नव्हतं.

मनीऑर्डरची पावती पाठवणाऱ्याकडे राहायची आणि निरोपाचं कुपन घेणाऱ्याकडे, हे लक्षात असू द्या. पावत्या मुंबईच्या खोलीत सापडल्या तर कुपनं गावाकडच्या देव्हाऱ्याखालच्या खणात, तांदळाच्या डब्यात किंवा आजीच्या लुगड्याच्या घडीत असतील. त्या बोटभर जागेत माणसं नेमकं महत्त्वाचं तेवढंच लिहीत.

आणखी शोधायचं ते असं: गिरणीचं किंवा कारखान्याचं तिकीट, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, सरकारी नोकरी असेल तर सेवापुस्तकाची प्रत, साखर कारखान्याच्या शेअरचा दाखला, विकास सोसायटीचं पासबुक, दूध डेअरीची कार्डं, जुनी शिधापत्रिका. शिधापत्रिकेवर त्या काळी घरात कोणकोण जेवत होतं हे वयासकट मिळतं. जुनी पंचांगं तर मुळीच टाकू नका. कित्येक शेतकरी पंचांगाच्या समासातच रोजनिशी ठेवत. ‘गाय व्याली’, ‘पेरा उरकला’, ‘भाऊ आला होता’ अशा तीन शब्दांच्या नोंदी असतात आणि शेजारी तारीख छापलेलीच असते.

फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका. टेप पिवळी पडून कागद खाते आणि लॅमिनेशन केलेला कागद पुन्हा मोकळा होत नाही. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला. अल्बमच्या पानाला चिकटलेला फोटो ओढू नका, पानासकट स्कॅन करा. कागदांना ३०० डीपीआय पुरतं, फोटोंना ६०० ठेवा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाईल सरळ वरून धरून काढलेला फोटोही चालतो. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग कागद काय आहे ते लिहा, म्हणजे सगळं आपोआप क्रमाने लागतं.

काळपट मांडा

काळपट म्हणजे त्यांच्या आयुष्याचा वर्षवार तक्ता. मोठ्या वहीच्या दोन पानांवर मिळून चार रकाने आखा: वर्ष, त्यांचं वय, राहण्याचं ठिकाण आणि काम, आणि त्या वर्षी घरात काय चाललं होतं. जन्मापासून शेवटपर्यंत प्रत्येक वर्षाला एक ओळ. सुरुवातीला बहुतेक ओळी रिकाम्या राहतील. राहू द्या, पुढे कोणाला काय विचारायचं ते त्या रिकाम्या ओळीच सांगतात.

आपल्या म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही, घटना आठवते. ‘आक्का भूकंपाच्या वेळी पोटात होती’ असं चुलती म्हणाली आणि घर पश्चिम महाराष्ट्रातलं असलं, तर तो कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. तसेच बाकीचे खुंट ठरवून घ्या. पुण्याकडच्यांना पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. मराठवाड्यातल्यांना सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणणारी कारवाई, आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. सगळ्यांनाच आठवतो तो १९७२ चा दुष्काळ. त्याची खूण खडी फोडण्याची कामं आणि तेव्हा वाटलेली सुकडी नि लाल मिलो (परदेशी ज्वारी). गिरणगावातल्यांना १८ जानेवारी १९८२, म्हणजे डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप. नवे पैसे सुरू झाले ती तारीख १ एप्रिल १९५७. मजुरी आण्यात सांगितली तर आठवण बहुधा त्याच्या अलीकडे-पलीकडची असते, कारण लोक पुढेही काही वर्षं आण्यातच बोलत होते.

जन्मतारखेबाबत एक सावधगिरी. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती खरी तारीख धरू नका. जन्माची नोंद नसलेल्या कितीतरी पोरांना मास्तरांनी जूनमध्ये शाळेत घेताना हीच तारीख दिलेली आहे. जन्मपत्रिकेत शक आणि तिथी असेल तर शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मात्र तिथी जानेवारी ते गुढीपाडव्याच्या दरम्यान पडत असेल तर ७९ मिळवायचे. शके १८६० मधला माघ वद्यातला जन्म म्हणजे सन १९३९. पौष महिन्यात डिसेंबर की जानेवारी हा घोळ होतो, तिथे जुनं पंचांगच पाहावं लागतं.

कचेरीतले कागद

शेती असलेल्या घराचं निम्मं चरित्र तलाठ्याच्या दप्तरात असतं. सातबारावर फक्त आजची स्थिती कळते. खरी गोष्ट फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये आहे. सातबाराच्या उताऱ्यावर वर्तुळात फेरफारांचे क्रमांक असतात. ते सगळे उतरवून घ्या आणि जुन्या फेरफारांच्या नकला मागा. प्रत्येक फेरफार म्हणजे घरातली एक घटना असते: वडील वारल्यावर वारसांची नावं लागली, भावाभावांत वाटणी झाली, अमुक सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्ज, जमिनीवर चढला, तो फिटून कमी झाला, तुकडा गहाण पडला, तुकडा सुटला. बोजा चढल्याची आणि उतरल्याची तारीख शेजारीशेजारी ठेवली की त्या मधल्या वर्षांत घर कसं चाललं असेल याचा अंदाज येतो. काही जिल्ह्यांतल्या जुन्या अभिलेखांच्या स्कॅन केलेल्या प्रती सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या पोर्टलवरही मिळतात, आधी तिथे पाहा.

जुन्या उताऱ्यावर आजोबांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.क.’ दिसलं तर थांबा. एकत्र कुटुंबाचे मॅनेजर किंवा कर्ते म्हणून त्यांचं एकट्याचं नाव लागलेलं असतं. त्या दिवसापासून सगळ्यांचा कर्जाचा, साऱ्याचा आणि लग्नकार्यांचा भार कागदोपत्री त्यांच्या शिरावर आला. वय पाहा. पुष्कळदा ते विशी-पंचविशीतलं असतं.

घर कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारं, असेल तर १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतरच्या नोंदी शोधा. त्या दिवसापासून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानलं गेलं. कुळकायद्याच्या कलम ३२ ग खाली जमिनीची किंमत ठरायची आणि ती फेडल्यावर ३२ म चं प्रमाणपत्र मिळायचं. कित्येक घरांत हे प्रमाणपत्र देवाच्या फोटोमागे ठेवलेलं असतं. मराठवाड्यात १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक, म्हणजे जमीन कोणाची आणि कोणाच्या ताब्यात याची नोंद, पाहावं. त्याआधीचे निजामकाळातले कागद उर्दूतही असतात.

जन्म-मृत्यूसाठी जुना गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, तो तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतो. फार जुनी पानं मोडीत असतील तर जाणकार गाठावा लागेल. शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल घ्या. नाव कधी घातलं, कोणत्या इयत्तेतून आणि कशामुळे काढलं, हे त्यात असतं. ‘सतत गैरहजर’ असा शेरा दिसला आणि काळपटात त्याच साली वडील गेलेले असले, तर ते पोर गुरांमागे गेलं की दुसऱ्याच्या बांधावर, एवढं विचारायचं उरतं.

पिढ्यांची नावं हवी असतील तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की आपल्या घराण्याचे उपाध्याय सापडतात. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी घरोघर येऊन वंशावळ वाचतात, ते आले की रेकॉर्डिंग करून ठेवा.

कोणाला विचारायचं आणि काय

सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करा, मग नातं दूरचं असो. मुलांना वडील चाळिशीनंतरचे आठवतात. धाकटी बहीण, शाळासोबती, चुलतभाऊ, गिरणीतला जोडीदार, दिंडीतले विणेकरी यांना तो माणूस मिसरूड फुटायच्या आधीपासूनचा ठाऊक असतो. आणि त्यांच्या पत्नीला तर जरूर विचारा, एकटीला, मुलं-सुना समोर नसताना. घरात पैसा कसा पुरवला हे बाईलाच ठाऊक असतं.

‘तात्या कसे होते?’ असं विचारलंत तर ‘देवमाणूस होते’ एवढंच ऐकायला मिळेल. एका दिवसाबद्दल विचारा. उठल्यावर पहिलं काय करायचे? अंघोळ घरात की विहिरीवर? भाकरी सोबत न्यायचे की कोणी पोचवायचं? चहा कधीपासून प्यायला लागले? चप्पल पहिल्यांदा कधी घेतली? पगार कोणाच्या हातात द्यायचे? आजारी पडल्यावर कामाला जायचे का? रागावले की काय म्हणायचे, नेमके शब्द? पोरांपैकी कोणाला कडेवर घ्यायचे आणि कोणाला नाही? शेवटच्या प्रश्नाला आमच्याकडे बराच वेळ कोणी उत्तर दिलं नाही. मग धाकटी आत्या बोलायला लागली आणि संध्याकाळ त्यातच गेली.

मोबाईलचा रेकॉर्डर पुरेसा आहे. एअरप्लेन मोड लावा, पंखा आणि टीव्ही बंद करा, मोबाईल ताटलीवर न ठेवता घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव तोंडाने सांगा. तासाभरात माणूस थकतो, उरलेलं पुन्हा कधीतरी. मध्ये शांतता पडली तर भरायला जाऊ नका. दोघांच्या आठवणीत फरक आला तर वाद मिटवायच्या फंदात न पडता दोन्ही नावानिशी लिहा.

बोली जशीच्या तशी ठेवा. ‘आमास्नी’, ‘न्हाय’, ‘व्हतं’ हे सुधारून प्रमाण मराठीत आणलंत की आजी गप्प झाली असं समजा. मापंही बदलू नका. पायली, मण, शेर, गुंठा तसेच राहू द्या आणि कंसात हिशेब द्या.

कामाचा एक दिवस

वहीतलं सर्वांत मोठं प्रकरण हे असावं, आणि यासाठी त्या धंद्याची माहिती काढावीच लागते. गिरणीचं उदाहरण घेतो. ‘तात्या गिरणीत होते’ यात काहीच सांगितलं जात नाही. कोणत्या खात्यात? साचा खात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर, असतील तर साचेवाले. किती साचे सांभाळायचे, दोन की चार? धोट्यातली कांडी संपली की बदलायची, तुटलेला धागा जोडायचा, कापडात डाग किंवा गाळा राहिला तर पगारातून कापलं जायचं का? कायम व्हायला किती वर्षं लागली आणि तोवर बदली कामगार म्हणून फाटकाशी उभं राहून किती दिवस काम न मिळता परतले? पाळी कोणती? सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, की बारा ते सात?

पाळीवरून राहण्याचं कळतं. गावकीच्या खोलीत एकाच गावाचे पुष्कळ गडी असायचे आणि पाळ्या वेगवेगळ्या म्हणून एका वळकटीच्या जागेत दोघं आळीपाळीने झोपायचे. ती खोली चालवणाऱ्या गावमंडळाची वर्गणीची वही गावात कोणाकडे तरी असते. त्यात नाव, महिना आणि रक्कम सापडते. जेवण खाणावळीत. खाणावळ चालवणाऱ्या बाईबद्दल जरूर विचारा, कारण उधारीवर महिनोन्‌महिने जेवू घालून तिने कित्येक संसार उभे राहू दिले. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी.

साचा खात्यातल्या आवाजाने माणसं हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालींवरून बोलायची. तात्या घरीही मोठ्याने बोलत, आम्ही पोरं त्याला चिडणं समजायचो. निवृत्तीनंतरचा खोकला, कमी ऐकू येणं, रात्री बाराला जाग येणं हे सगळं कामाशी जोडून पाहा. शेतकऱ्याच्या तळपायाच्या भेगा, चालकाची कंबर, गुरुजींचा घसा, प्रत्येक धंद्याची खूण शरीरावर राहते. त्यांचं एखादं अवजार किंवा चष्मा उरला असेल तर त्याचा जवळून फोटो घ्या, झिजलेली बाजू दिसेल असा.

संपाची वर्षं वेगळी लिहा. सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांत पगार यायचा थांबला आणि संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे ‘केव्हा संपला’ याचं उत्तर प्रत्येक घराचं निराळं आहे. गावी केव्हा परतले, कोणतं भांडं विकलं, कोणाची शाळा सुटली, कोण कामाला लागलं ते विचारा. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज केला असेल तर ती फाइल मिळवा. नोकरीचे पुरावे एकत्र मिळण्याची ती हमखास जागा.

वारीलाही हेच लागू. ‘माळकरी होते’ लिहून सोडू नका. कोणत्या फडाची दिंडी, पेरणी उरकून निघायचे की भावावर सोपवून, वाटेत मुक्काम कोणाच्या अंगणात, घरी कोणी आजारी असताना वारी चुकवली का, माळ कोणाच्या हातून घातली आणि त्याआधी काय सोडावं लागलं?

न बोललेल्या गोष्टी

दारू, कर्ज, मुलीला न दिलेला वाटा, भावाशी तुटलेलं बोलणं, मुलावर उचललेला हात. हे घ्यायचं का? मी म्हणेन की ज्याला त्रास झाला तो हयात असेल तर त्याला विचारा आणि त्याचं ऐका. तो हो म्हणाला तर त्याच्याच शब्दांत लिहा. तो नाही म्हणाला तर ती नोंद बंद पाकिटात, काळपटासोबत ठेवा, पण खोटं रंगवू नका. आयुष्यभर फक्त चांगलंच वागलेला आजोबा पोरांना खरा वाटत नाही, आणि त्याचे खरे कष्टही मग खोटे वाटायला लागतात.

दुसरी चुकवली जाणारी गोष्ट म्हणजे बायकांचं काम. तात्या मुंबईत असताना गावचं रान आजीने राखलं, सासू-सासऱ्यांचं केलं, भांगलणीला दुसऱ्यांच्यात गेली. कर्त्या पुरुषाच्या वहीत त्याच वर्षांच्या ओळींसमोर तिची ओळ यायलाच हवी. नाहीतर मनीऑर्डर ज्या घरी पोचत होती ते घर कोणी उभं ठेवलं होतं हे कळणारच नाही.

लिहायला बसल्यावर

जन्मापासून मृत्यूपर्यंत सरळ लिहीत जाण्यापेक्षा दहा-बारा छोटी प्रकरणं करा: पहिली कमाई, मुंबईची खोली, दुष्काळ, थोरलीचं लग्न, संप, विहीर, वारी, म्हातारपण. प्रत्येक प्रकरण एखाद्या वस्तूने किंवा कागदाने उघडा. विशेषण आलं की स्वतःला विचारा, हे मला कशावरून कळलं? त्याचं उत्तर लिहा आणि विशेषण खोडा. ‘तात्या फार काटकसरी होते’ याऐवजी ‘तात्या पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवत आणि आतल्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब लिहीत’. खाली माहिती कोणाकडून मिळाली ते एका ओळीत द्या: थोरली आत्या, किंवा फेरफार क्रमांक.

साठ-सत्तर पानं पुष्कळ झाली. अक्षर १४ पॉइंटचं ठेवा, कारण पहिले वाचक सत्तरीचे असणार आहेत. छापण्याआधी कच्ची प्रत घरातल्या दोन-तीन वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. हयात माणसांचे फोन नंबर, आधार, बँक खाती, जमिनीचे चालू वाद यातलं काही छापू नका. कागदांच्या फोटोंवर असे आकडे असतील तर झाका.

वर्षश्राद्धाची तारीख धरून काम केलंत तर ते रेंगाळत नाही, आणि त्या दिवशी सगळी भावंडं एकत्र असतात म्हणून प्रती तेव्हाच वाटता येतात. प्रत्येक प्रतीच्या शेवटी आठ-दहा कोरी पानं बांधून घ्या आणि पेन सोबत ठेवा. त्याच दुपारी कोणीतरी ‘हे असं नव्हतं’ म्हणेल, त्याला तिथेच लिहायला लावा आणि खाली नाव घालायला सांगा. एक प्रत गावच्या वाचनालयाला, एक शाळेला द्या. स्कॅन आणि आवाजाच्या फाइली दोन वेगवेगळ्या घरांत पेनड्राइव्हवर आणि एक ऑनलाइन अशा तीन ठिकाणी ठेवा. पेनड्राइव्ह दर दोन-तीन वर्षांनी उघडून तपासायचं काम नातवंडांपैकी एकावर नाव घेऊन सोपवा.